भीमा कोरेगावचा स्तंभ : अभिवादनासोबत वाचनही हवे

दरवर्षी १ जानेवारीला भीमा नदीच्या काठी लाखोंचा जनसमुदाय जमतो. निळे झेंडे, पांढरी वस्त्रे, समता सैनिक दलाची मानवंदना, माजी सैनिकांची सलामी, पुस्तकांचे स्टॉल आणि त्रिशरण-पंचशीलाचे सामूहिक पठण हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आम्हीही अनेक वर्षे या गर्दीतून स्तंभापर्यंत गेलो आहोत. पण त्या दिवशी स्तंभ फक्त दिसतो, वाचता येत नाही. फूल वाहायचे, हात जोडायचे आणि मागच्या माणसाला जागा करून द्यायची, एवढाच वेळ मिळतो.

म्हणून या वेळी आमच्या विहारातले आम्ही अकरा जण फेब्रुवारीतल्या एका साध्या दिवशी तेथे गेलो. आमच्यात दोन निवृत्त शिक्षक होते, एक माजी सैनिक होते, चार उपासिका आणि चार शाळकरी मुले होती. स्तंभापुढे उभे राहून आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. त्यानंतर सातवीतल्या एका मुलीने सरळच विचारले, "आत्ताच आपण प्राणिहत्या करणार नाही असं म्हटलं ना? हे तर लढाईत मेले आणि त्यांनीही माणसं मारली. मग आपण त्यांना वंदन कसं करतो?"

मोठ्यांपैकी कुणालाही लगेच उत्तर देता आले नाही. परतीच्या गाडीत आणि नंतरचे दोन रविवार विहारात आम्ही याच प्रश्नावर बोलत राहिलो. हा लेख म्हणजे त्या चर्चेतून हाती लागलेली माहिती आणि आमचे मत. स्तंभाला भेट देणाऱ्यांना, विशेषतः मुलांना घेऊन जाणाऱ्यांना, तो उपयोगी पडावा असा हेतू आहे.

स्तंभ कुठे आहे आणि त्यावर काय आहे

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर हा स्तंभ आहे. आपण त्याला भीमा कोरेगावचा स्तंभ म्हणतो, पण तो उभा आहे ती जागा हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत येते. ज्या गावात लढाई झाली ते कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात, नदीच्या पलीकडे आहे. मुलांना हे आधी सांगावे. म्हणजे नदी, गाव आणि रस्ता यांचा मेळ बसतो आणि लढाई समजायला सोपी जाते.

स्तंभ दगडी, चौकोनी आणि वर निमुळता होत गेलेला आहे. उंची सुमारे ६० फूट. त्याची पायाभरणी १८२१ साली झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठीत लेख कोरले आहेत. कॅप्टन स्टाँटन यांच्या तुकडीने पेशव्यांच्या सैन्याला दिवसभर तोंड दिले आणि हे पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याच्या अभिमानास्पद यशांपैकी एक आहे, असा त्या लेखाचा आशय आहे. म्हणजे मूळ हेतूने पाहिले तर हा ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या यशासाठी उभारलेला स्तंभ आहे. हे लपवण्याचे कारण नाही.

पण त्याच दगडावर लढाईत पडलेल्या आणि जखमी झालेल्या सैनिकांची नावेही कोरली आहेत. मृतांमध्ये कंपनीच्या ४९ सैनिकांची नावे मोजली जातात. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. त्या काळी महार पुरुषांच्या नावाला हा प्रत्यय लागत असे, म्हणून ही नावे आपल्या पूर्वजांची म्हणून ओळखता येतात. उरलेल्या नावांत मराठा, राजपूत, मुस्लिम आणि यहुदी समाजांतील नावे आहेत असे अभ्यासक मानतात.

आमच्याबरोबरची मुले बोट ठेवून 'नाक' शोधत होती. ज्या काळात आपल्या माणसाची सावलीही चालत नव्हती, त्या काळात त्याचे नाव एका सार्वजनिक दगडावर कोरले गेले आणि २०० वर्षांनंतर त्याच्या समाजातली मुलगी ते वाचते आहे, ही या स्तंभाची पहिली किंमत आहे.

त्या दिवशी काय घडले

१८१७ च्या नोव्हेंबरमध्ये खडकी आणि येरवड्याच्या लढायांनंतर पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. दुसरा बाजीराव आपल्या सैन्यासह फिरतीवर होता. डिसेंबरच्या अखेरीस तो पुन्हा पुण्याच्या दिशेने येत असल्याची बातमी आली, तेव्हा पुण्यातील कर्नल बर यांनी शिरूरच्या छावणीकडे कुमक मागितली.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री सुमारे आठ वाजता कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाले. त्यांच्याबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई होते. अडीचशेच्या वर घोडेस्वार होते. मद्रास तोफखान्याचे २४ युरोपीय गोलंदाज आणि दोन तोफा होत्या. ही तुकडी रात्रभर चालली आणि सकाळी कोरेगावजवळ पोचली, तेव्हा नदीच्या पलीकडे पेशव्यांचे सैन्य पसरलेले दिसले. स्टाँटन यांनी गावाचा आसरा घेतला.

पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि मराठा पायदळाच्या तुकड्या गावावर चालून आल्या. दिवसभर गल्लीबोळांत आणि घराघरांत हातघाईची लढाई झाली. रात्रभर चालून आलेल्या शिपायांना अन्न नव्हते. नदी समोर असूनही पाणी मिळत नव्हते. एक तोफ शत्रूच्या हाती गेली आणि ती परत मिळवावी लागली. तोफखान्याचे लेफ्टनंट चिझम मारले गेले. काही गोलंदाज शरण जावे असे म्हणू लागले, पण स्टाँटन यांनी ते मानले नाही. रात्री नऊच्या सुमारास हल्ले थांबले. जनरल जोसेफ स्मिथ यांचे मोठे सैन्य मागावर होते, त्यामुळे पेशवे तेथून निघून गेले. स्टाँटन आपल्या जखमींना आणि दोन्ही तोफांना घेऊन शिरूरला परतले.

आकडे नीट सांगितले पाहिजेत

आपल्या भाषणांत आणि पोस्टरवर "५०० महारांनी २८,००० पेशव्यांना हरवले" असे वाक्य नेहमी दिसते. आमच्या चर्चेत निवृत्त शिक्षकांनी याच वाक्यावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे आम्हाला पटले, म्हणून ते येथे स्पष्टपणे मांडतो.

कंपनीच्या तुकडीत सर्व मिळून सुमारे ८३४ लोक होते. ५०० च्या पायदळात महार सैनिक मोठ्या संख्येने होते, पण सर्वच महार नव्हते. स्तंभावरील नावेच हे सांगतात. पेशव्यांचे त्या परिसरातील सैन्य सुमारे २८,००० होते, पण गावावरच्या प्रत्यक्ष हल्ल्यात त्यातले सुमारे २,००० जण उतरले होते. कंपनीकडचे २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, म्हणजे दर तिघांमागे जवळजवळ एक. पेशव्यांकडील हानी ५०० ते ६०० होती, असा अंदाज आहे. आणि पेशवाई त्याच दिवशी संपली असेही नाही. दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती ३ जून १८१८ रोजी.

हे वाचून कुणाला वाटेल की आपणच आपला इतिहास लहान करतो आहोत. आमचे मत उलट आहे. उपाशी, तहानलेले, रात्रभर चाललेले लोक आपल्याहून कितीतरी मोठ्या सैन्यापुढे बारा तास हटले नाहीत, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही. फुगवलेला आकडा विरोधकाने एकदा खोडून काढला की ऐकणाऱ्याला खऱ्या गोष्टीवरही शंका येते. चौथे शील घेणाऱ्या समाजाने इतिहास सांगतानाही ते पाळले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. त्या सैनिकांच्या मनात त्या दिवशी काय होते, हे दगड सांगत नाही. कुणी पोटासाठी पलटणीत गेला असेल, कुणी बापामागून गेला असेल. पण ते कोणत्या समाजव्यवस्थेतून आले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात केली आहे. अशा माणसाच्या हाती बंदूक आली, अंगावर गणवेश आला, पगार आणि हुद्दा मिळाला, याचा अर्थ त्याच्या घरादाराला नक्कीच कळला असणार.

"इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांचा गौरव कशाला?" असे विचारणाऱ्यांनाही स्तंभावरील नावे वाचायला सांगावीत. त्या फौजेत अनेक जातीधर्मांचे लोक होते आणि समोरच्या फौजेत पगारी अरब होते. त्या काळची सैन्ये अशीच होती. आजच्या देशभक्तीची मोजपट्टी फक्त एकाच जातीला लावणे हा न्याय नव्हे.

ज्यांनी स्तंभ उभारला, त्यांनीच दार बंद केले

स्तंभावर शौर्याची स्तुती कोरणाऱ्या सरकारने पुढे काय केले, हेही मुलांना सांगितले पाहिजे. १८५७ नंतर सैन्यात 'लढाऊ जाती' हा विचार बळावला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पलटणीची नोकरी होती, त्या घरांचे शिक्षण, पेन्शन आणि प्रतिष्ठा एका आदेशाने गेली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे याच सैन्यातील शाळेत शिकवत होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीत झाला होता, हे आठवले की या आदेशाचा घाव कळतो.

गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली भरतीच्या हक्कासाठी विनंतिपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हात कोरेगावचा हा स्तंभ होता. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. देशाला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटने दिले. ८ महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील कारवाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

आमच्याबरोबरचे माजी सैनिक हे सांगत होते तेव्हा मुले त्यांच्याभोवती बसली होती. शेवटी ते म्हणाले, "स्तंभ उभारणाऱ्याचे आभार मानायचे नाहीत आणि त्याच्यावर भरवसाही ठेवायचा नाही. नावे आपली आहेत, तेवढी आपण घ्यायची."

१ जानेवारी १९२७

या स्तंभाचा अर्थ बदलला तो बाबासाहेबांच्या भेटीने. १ जानेवारी १९२७ रोजी ते येथे आले. त्या दिवसापासून कंपनीचा विजयस्तंभ हा आपल्या स्वाभिमानाचा स्तंभ झाला. पण बाबासाहेब येथून पुढे कुठे गेले, याकडे आपले दुर्लक्ष होते.

येथून तीन महिन्यांच्या आत महाडची परिषद भरली. १९ मार्चला भाषणे झाली. त्या भाषणातही बाबासाहेबांनी सैन्यभरती बंद झाल्याने समाजाची झालेली हानी मांडली. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. त्यानंतर परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले, माणसे जखमी झाली. परिषदेला आलेल्यांमध्ये पलटणीतून निवृत्त झालेले अनेक जण होते. लढाई पाहिलेले, हात शिवशिवणारे. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितले आणि ते शांत राहिले.

आमच्या मते मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. कोरेगावला जी शिस्त आणि जो निर्धार दिसला, तोच निर्धार महाडला दिसला. फरक एवढाच की महाडला कुणाचा जीव घ्यावा लागला नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कोरेगाव दाखवले आणि लगेच महाडला नेले. पहिले लक्षात ठेवून दुसरे विसरलो, तर आपण अर्ध्या वाटेवर थांबलो असे होईल.

पंचशील घेणाऱ्यांनी युद्धस्मारकाला वंदन करावे का?

उरलेले अर्धे उत्तर धम्मात शोधावे लागते आणि ते सोपे नाही.

संयुत्त निकायात योधाजीव नावाच्या एका सैनिक प्रमुखाची कथा आहे. रणात लढता लढता मरणाऱ्याला स्वर्ग मिळतो, असे आमचे पूर्वज सांगतात, त्यावर आपले मत काय, असे तो तथागतांना विचारतो. तथागत आधी उत्तर टाळतात. त्याने आग्रह धरल्यावर ते स्पष्टच सांगतात की ही समजूत चुकीची आहे. म्हणजे युद्धातील मरण हेच पुण्य, ही कल्पना धम्माला मान्य नाही. दुसरीकडे वैशालीचा सेनापती सिंह तथागतांचा उपासक झाला आणि त्याला सेनापतीपद सोडण्याची अट घातल्याचा उल्लेख त्या कथेत नाही. धम्माने युद्धाचे गोडवे गायले नाहीत आणि सैनिकाला दारातूनही परत पाठवले नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या एकत्र वाचायला हव्यात. सिद्धार्थांच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा वाद मांडला. संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, सिद्धार्थांनी विरोध केला, ठराव बहुमताने संमत झाला आणि युद्धात भाग घेण्यापेक्षा त्यांनी परिव्रज्या पत्करली. आपल्या शास्त्याची वाटचालच युद्धाला नकार देऊन सुरू होते. त्याच ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे ते सांगतात.

या कसोटीवर आमचे उत्तर असे आहे. आपण स्तंभापुढे हात जोडतो ते मारण्याच्या कृतीला नाही. ज्यांना माणूस मानले जात नव्हते त्यांच्या धैर्याला आणि त्यांच्या नावांना आपण वंदन करतो. पण हे उत्तर खरे ठरायचे असेल, तर तेथे जाऊन शत्रुत्वाच्या घोषणा देता येणार नाहीत. त्या दिवशी पेशव्यांकडूनही गरीब, पगारी माणसेच मेली. त्यांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत.

येथे सम्राट अशोकांचा तेरावा शिलालेख आठवतो. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसांना नेले गेले आणि त्याहून कित्येक पट मेली, असे जिंकणाऱ्या राजाने स्वतः दगडावर कोरून ठेवले आणि त्याबद्दल दुःख व्यक्त केले. खुद्द कलिंगमधील धौली आणि जौगड येथे मात्र हा लेख कोरलेला नाही. अशोकांच्या लेखात हरलेल्यांची संख्या आहे, पण नावे नाहीत. कोरेगावच्या स्तंभावर नावे आहेत, पण एकाच बाजूची. बौद्ध माणसाला या दोन्ही दगडांची गरज आहे.

१ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला २०० वर्षे पूर्ण होत असताना, या परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. स्मारकाच्या आसपास पुन्हा माणूस मरावा, यात कोणत्याही बाजूच्या शूरांचा सन्मान नाही. अन्यायाविरुद्ध न्यायालयात आणि रस्त्यावर संविधानाच्या मार्गाने लढणे हा आपला हक्क आहे, तो सोडायचा नाही. मात्र वैर पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे नाही.

भेट देणाऱ्यांसाठी

आमच्या अनुभवावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. १ जानेवारीला अभिवादनासाठी जरूर जावे, पण वर्षातून एकदा साध्या दिवशी मुलांना घेऊनही जावे. वही-पेन न्यावे आणि नावे लिहून घ्यावीत. स्तंभ पाहून झाल्यावर नदीपर्यंत जाऊन गाव कोणत्या बाजूला होते ते दाखवावे. ८३४, २,००० आणि २८,००० हे तिन्ही आकडे सांगावेत. १८१८ सांगून झाले की १८९२ सांगावे, १९२७ चा जानेवारी सांगून झाला की मार्च सांगावा. पंचशील घेतल्यावर सर्व मृतांसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी, दोन मिनिटे मैत्री भावना करावी. आम्ही निघताना तसे केले.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला आम्ही तिसऱ्या रविवारी हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि वही पुढे केली. तिने २२ नावे उतरवून आणली होती. त्यांच्या खाली तिने काही ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. त्या कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली, "समोरच्यांची सापडली तर लिहायला."

तिच्या वहीतली ती मोकळी जागा आम्ही तशीच राहू दिली आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.